आई-बाबा आणि लहान मुलांना घेऊन वॉटकिन्स ग्लेन: चढून जा, उतरताना गाडी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: आई-बाबा पुण्याहून सहा महिन्यांसाठी न्यू जर्सीला आलेत, बाबा ७२ चे, आई ६८ ची आणि तिचा उजवा गुडघा कुरकुरतो, मुलं ९ आणि ४ वर्षांची. लाँग वीकेंडला न्यूयॉर्क राज्यातल्या वॉटकिन्स ग्लेन स्टेट पार्कला जायचंय. झेपेल का, स्ट्रोलर चालेल का, किती वेळ लागेल, आणि सगळे सांगतात तसं शटलने वर जाऊन चालत खाली यायचं, हे बरोबर का.

मी व्यवसायाने फिजिओथेरपिस्ट, मूळची साताऱ्याची, आणि गेली बरीच वर्षं इकडच्या मराठी कुटुंबांना घेऊन उन्हाळ्यात हाइक काढते. त्यात आजी-आजोबा कायम असतात, कारण आपल्याकडे कुणाचे ना कुणाचे आई-बाबा आलेलेच असतात. वॉटकिन्स ग्लेनला मी दहा-बारा वेळा तरी गेलेय. म्हणून शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण सगळं त्याच्यावरच ठरतं: नाही, गुडघा दुखत असेल तर वरून खाली चालत येऊ नका. खालून चढा आणि वरून गाडीने परत या.

हे मी इतक्या ठामपणे का सांगतेय ते ऐका. माझी आई पहिल्यांदा आली तेव्हा मलाही एकाने हाच सल्ला दिला होता, शटलने वर जा म्हणजे चढ नाही, आजीला धाप लागणार नाही. ऐकायला अगदी पटण्यासारखं, आणि मी स्वतः गुडघ्यांवर उपचार करणारी असून त्या दिवशी फक्त तिच्या श्वासाचा विचार केला. आई आनंदाने उतरायला लागली. सुरुवातीच्याच उभ्या जिन्यावर तिने कठडा धरला, मग माझा हात धरला, आणि वाटेतल्या रेनबो फॉल्स या धबधब्यापर्यंत येईतो तिची मांडी थरथरत होती, म्हणजे बाहेरून दिसावी इतकी. ओल्या दगडी कठड्याला टेकून ती म्हणाली, "तू मुलांना घेऊन हो पुढं, मी येते मागनं." आता ती घळ आहे, दोन्ही बाजूंना कातळ, मागनं येणार कुठून! तिथून पुढचं अंतर उतरायला आम्हाला जवळजवळ दोन तास लागले. दुसऱ्या दिवशी नायगरा ठरलं होतं, तो दिवस तिने हॉटेलमध्ये गुडघ्यावर बर्फ ठेवून काढला. ती एका शब्दाने बोलली नाही, पण मला ते अजून लागतं.

कारण साधं आहे. चढताना दमतात ती फुफ्फुसं आणि हृदय, थांबलं की दोन मिनिटांत श्वास जागेवर येतो. उतरताना मात्र प्रत्येक पायरीला अख्ख्या शरीराचं वजन मागच्या वाकलेल्या गुडघ्यावर तोललं जातं, मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच ब्रेक लावत असतो, आणि गुडघ्याच्या वाटीवर वजनाच्या कितीतरी पट दाब येतो. यातून येणारा थकवा दोन मिनिटं थांबून जात नाही, साठत जातो. त्यात पायरी ओली असली की माणूस आपोआप आखडून पाय टाकतो, म्हणजे स्नायू अजून लवकर थकतो. वयस्कर माणसं चढताना कमी पडतात हो, उतरताना जास्त पडतात. बाबांना बीपी किंवा हृदयाचं काही असेल तर गोष्ट वेगळी, मग चढाचं आधी डॉक्टरांना विचारा, पण तुम्ही लिहिलंय की ते रोज तळजाई टेकडीवर फिरायला जातात, तर त्यांची मला काळजी वाटत नाही. काळजी आईंच्या गुडघ्याची आहे.

आता जागा कशी आहे ते सांगते, म्हणजे अंदाज येईल. सेनेका लेकच्या दक्षिण टोकाला वॉटकिन्स ग्लेन नावाचं छोटं गाव, आणि गावाच्या मेन रोडवरूनच घळीचं तोंड सुरू होतं, आधी जंगलातून चालत जा वगैरे काही नाही. घळीतून जाणारी वाट, म्हणजे गॉर्ज ट्रेल, साधारण दीड मैलाची, वाटेत १९ धबधबे आणि ८३२ दगडी पायऱ्या. पुण्याच्या भाषेत सांगायचं तर पर्वतीच्या १०३ पायऱ्या धरल्या तर आठ पर्वत्या. पण पर्वती एकसलग आहे आणि पायऱ्या रुंद, सावकाश. इथे पायऱ्या तुकड्यातुकड्यांनी येतात, मध्ये सपाट वाट, पूल, बोगदे, परत पायऱ्या. त्यामुळे चढताना ८३२ हा आकडा वाटतो तितका अंगावर येत नाही. शेवटचा जिना मात्र येतो, जेकब्स लॅडर, सलग १८० पायऱ्या, अगदी दमल्यावर समोर उभा. त्याच्याकडे परत येते.

घरच्या घरी एक परीक्षा घ्या, मी ग्रुपमधल्या प्रत्येक आजी-आजोबांची घेते. बेसमेंटच्या जिन्यावर आईंना सलग पाच-सहा वेळा वर-खाली करायला सांगा, आणि चढताना नाही, उतरताना बघा, तेही त्यांना न सांगता, नाहीतर त्या तुमच्यासाठी नीट चालून दाखवतील, आपल्या आया अशाच असतात. पाय सरळ समोर पडतोय, एका पायरीवर एकच पाऊल टाकतायत, कठड्याला नुसतं बोट लावलंय, तर पूर्ण चढ करा. अंग आडवं करून उतरतायत किंवा प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय आणतायत, तर अर्ध्यातच फिरायचा प्लॅन आधीच ठरवा. आणि सपाटीवर अर्धा मैल चालूनच दुखत असेल तर वॉटकिन्स ग्लेनचा हट्ट नको, त्याच भागात त्यांच्यासाठी दुसरी फार सुंदर जागा आहे, ती खाली सांगते.

समजा पाय सरळ पडतोय. मग दिवस असा काढा. एडिसनच्या आसपासहून चार-साडेचार तासांचा ड्राइव्ह आहे, मुलं धरून पाच धरा, म्हणून आदल्या रात्रीच त्या भागात मुक्कामाला पोचा आणि सकाळी आठच्या सुमारास मेन एन्ट्रन्सला हजर राहा. दहानंतर लाँग वीकेंडला अरुंद पायऱ्यांवर दोन्हीकडून माणसं येतात, आणि मागून रेटा आला की वयस्कर माणूस घाईत चुकीचं पाऊल टाकतो. सकाळी शांत असतं, आजींना प्रत्येक पायरीवर हवा तेवढा वेळ मिळतो. बाथरूम तिथेच उरकून घ्या, मधे घळीत कुठेही सोय नाही, चार वर्षांच्या मुलाला तर आग्रहाने नेऊन आणा.

उन्हाळ्यात वर-खाली शटल असते, पण तिच्या वेळा त्या दिवशी गेटवर विचाराव्या लागतात आणि गर्दीत रांग लागते. त्यापेक्षा मी काय करते सांगते: सगळ्यांना मेन एन्ट्रन्सला सोडायचं आणि एका ड्रायव्हरने गाडी अपर एन्ट्रन्सच्या पार्किंगला नेऊन लावायची, मग त्याने वरून एकट्याने उतरत यायचं. तुम्ही चढताय, तो उतरतोय, साधारण रेनबो फॉल्सच्या आसपास गाठ पडते आणि तिथून सगळे एकत्र वर. त्याचे गुडघे तरुण आहेत, त्याला चालतं, आणि त्याने पुढची वाट नुकतीच बघितलेली असते, कुठे निसरडं झालंय, कुठे बसायला जागा आहे, सगळं ताजं. वर पोचल्यावर गाडी समोर उभी. घळीत फोनला रेंज मिळेल हे धरून चालू नका, भेटायची जागा आणि वेळ आधीच नक्की करा.

ट्रेल सुरू होतो तोच कातळातल्या बोगद्यातून. मग सेंट्री ब्रिज, खाली ५२ फुटांवर ओढा, आणि थोडं पुढे कॅव्हर्न कॅस्केड, जिथे वाट चक्क धबधब्याच्या मागून जाते. इथे मुलांना घाई करू नका. पाण्याचा पडदा तुमच्यापासून हातभर अंतरावर पडत असतो, त्यातून पलीकडचा उजेड हिरवट दिसतो, आवाजाने बोललेलं ऐकू येत नाही, आणि भिंतीला तळहात लावला तर दगड थंडगार आणि पापुद्र्यापापुद्र्याचा लागतो, जणू जुन्या वह्यांची चळत एकावर एक ठेवलीय. तो समुद्राच्या तळाशी साचलेला गाळ आहे, साधारण ३८ कोटी वर्षांपूर्वीचा. आपला सह्याद्रीचा कातळ लाव्हाचा, आणि वयाने बराच लहान, साडेसहा कोटींच्या आसपास. मुलांना हे हात लावून सांगा, कुठेकुठे दगडावर पाण्याच्या लाटांच्या खुणासुद्धा तशाच गोठलेल्या दिसतात, किनाऱ्यावरच्या वाळूवर असतात ना, तशा.

लगेच पुढे स्पायरल टनेल, गोल वळणाचा जिना बोगद्यातून वर जातो, अंधार असतो, तर चार वर्षांच्या मुलाचा हात इथे घट्ट. मान वर केली की ८५ फूट उंचीवर सस्पेन्शन ब्रिज दिसतो. मग घळ अरुंद होते, सांदण दरीत गेलेले असाल तर तसंच वाटतं, फक्त इथे चालायला बांधीव वाट आहे. पुढे ग्लेन कॅथेड्रल, तिथे एकदम मोकळं, मग सेंट्रल कॅस्केड, इथला सगळ्यात उंच धबधबा, ६० फुटांहून जास्त. त्यानंतरच्या डोहांपाशी बाबांना थांबवा, त्यांना आवडेल. निघोजचे रांजणखळगे त्यांनी पाहिलेच असतील, कुकडी नदीतले. हेही तसेच झालेत, भोवऱ्यात अडकलेले गोटे गरागरा फिरून कातळाला रांजण पाडतात. तिथे बेसाल्ट, इथे गाळाचा खडक, पण पाणी काम तेच करतं. माझ्या ग्रुपमधले एक आजोबा इथे अर्धा तास बसले होते, नातवाला निघोजची गोष्ट सांगत, आणि तो मुलगा त्यानंतर प्रत्येक खळग्यापाशी थांबून आत गोटा आहे का बघत होता.

ही घळ झाली कशी, हे मुलं विचारतीलच. हिमयुगात बर्फाच्या प्रचंड नद्यांनी सेनेका लेकची मुख्य दरी खोल खरवडून काढली, ते तळं आज ६०० फुटांहून खोल आहे. बाजूचा ओढा मात्र वरच लटकत राहिला. बर्फ ओसरल्यावर साधारण १२ हजार वर्षांपूर्वीपासून तो ओढा वरून खाली उडी घेतोय आणि मऊ खडक झिजवत मागे मागे सरकतोय. कठीण थर आला की धबधबा, मऊ थर आला की डोह. इतकं सांगितलं तरी नऊ वर्षांच्या मुलाला पुढचा रस्ता स्वतःहून वाचता येतो.

आणि त्या पायऱ्या! १८६३ साली ही जागा खाजगी पर्यटनस्थळ म्हणून लोकांना खुली झाली, १९०६ मध्ये राज्याने विकत घेतली. १९३५ च्या पुरात जुन्या वाटा वाहून गेल्या, आणि त्या मंदीच्या काळात सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोअर म्हणून जी सरकारी रोजगार योजना होती, तिच्यातल्या तरुण पोरांनी आत्ताच्या दगडी वाटा आणि कठडे बांधले. दगड कातळाशी असा मिळवलाय की पायरी कुठे संपते आणि डोंगर कुठे सुरू होतो कळत नाही. मी अजिंक्यताऱ्यावर वाढलेली, दगडी पायरीचं काम मला कळतं, आणि मला ते फार मोलाचं वाटतं.

पण याच पायऱ्या कायम ओल्या असतात, ऊन असलं तरी, कारण वरून ठिबकतच असतं. म्हणून बूट. चांगल्या रबरी खाचांचे स्पोर्ट्स शूज, झिजलेले नकोत, सॅंडल नको, आणि आईंची रोजची मऊ चप्पल तर अजिबात नको, कितीही सवयीची असली तरी. पंजाबी ड्रेस उत्तम, ओढणी कमरेला बांधून टाकायची. साडीच नेसायची असेल तर निऱ्या घोट्याच्या चांगल्या वर घ्या, खालचा काठ भिजून जड होतो आणि पायरीवर पायाखाली येतो. एक ट्रेकिंगची काठी, टोकाला रबर लावलेली, दुखऱ्या गुडघ्याच्या उलट्या हातात, म्हणजे आईंच्या बाबतीत डाव्या. आणि हे पाठ करून घ्या: चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. माझे पेशंट हे हमखास उलटं करतात. घळीत उन्हाळ्यातही गारवा असतो, पातळ जॅकेट असू द्या.

स्ट्रोलर नाही चालणार, विषयच नाही. चार वर्षांचं मूल बरंचसं चालेल, दमलं तर पाठीवरचा कॅरियर बरा. खांद्यावर मात्र बसवू नका, काही ठिकाणी कातळ इतका खाली आलाय की मोठ्यांनाही वाकावं लागतं. चालताना मूल भिंतीच्या बाजूला आणि मोठा माणूस ओढ्याच्या बाजूला, कठडे काही ठिकाणी बुटके आहेत आणि मुलांना त्यावर चढून बघायचा मोह होतोच. पाण्यात उतरायला बंदी आहे, आणि ती योग्य आहे, डोह दिसतात त्याहून खोल असतात. कुत्रा असेल तर गॉर्ज ट्रेलवर नेता येत नाही.

रेनबो फॉल्सला वाट परत पाण्यामागून जाते, दुपारी ऊन नीट पडलं तर इंद्रधनुष्यही दिसतं, पण त्यासाठी गर्दीची वेळ घेऊ नका. इथे दहा मिनिटं बसा, पाणी प्या, लिंबू-मीठ-साखरेचं असेल तर आणखी छान, एकेक चिक्की खा. इथेच आईंना विचारा, आणि "कसं वाटतंय" असं नाही विचारायचं, त्याला उत्तर "छान" हेच येणार. विचारा, "गुडघ्याच्या वाटीच्या मागे दुखतंय का, मांडी जड झालीय का?" पुढे माइल पॉइंट ब्रिज लागतो. तिथून वरच्या इंडियन ट्रेलवर जाता येतं, जंगलातली मातीची वाट, पायऱ्या कमी, घळ वरून बघत परत खालच्या दिशेने येता येतं, फक्त शेवटी थोड्या पायऱ्या उतराव्या लागतातच. आणि पुढे गेलं तर जेकब्स लॅडर. आई ताज्या असतील तर तोच घ्या, वीस-वीस पायऱ्यांना थांबत, मागे एक माणूस ठेवून. १८० पायऱ्या चढून वर बसलेल्या आजीच्या चेहऱ्यावर जो आनंद असतो तो मी खूपदा पाहिलाय. सगळं मिळून तुम्हाला अडीच तास लागतील, तीन लागले तरी काही बिघडत नाही. वर पिकनिकला जागा आहे, ठेपले आणि दही तिथे काढा.

परीक्षेत अंग आडवं होत असेल तर कॅव्हर्न कॅस्केडपर्यंत जा, पाण्यामागे उभं राहा, आणि तिथूनच मागे फिरा. पायऱ्या थोड्याच होतात आणि या जागेचा जीव त्या तेवढ्यात कळतो. एक मोठा माणूस आईंबरोबर परत, बाकीचे वर.

आणि सपाटीवरच दुखत असेल तर टघॅनॉक फॉल्स स्टेट पार्क. इथाकाजवळ, कयुगा लेकच्या काठी, वॉटकिन्स ग्लेनहून पाऊण तासाच्या आसपास. २१५ फुटांचा एकच सरळ धबधबा, नायगऱ्याहून ३३ फूट उंच, आणि त्याच्या पायथ्यापर्यंत जाणारी घळीतली वाट रुंद, जवळजवळ सपाट, एका बाजूने पाऊण मैल. दणकट चाकांचा स्ट्रोलरही जातो. तेवढंही नको असेल तर गाडीने वरच्या व्ह्यू पॉइंटला जाऊन समोरून अख्खा धबधबा दिसतो. एका दिवसात दोन्ही जमतं, सकाळी वॉटकिन्स, दुपारी टघॅनॉक; पहिल्या पार्कची पार्किंगची पावती टाकून देऊ नका, दुसऱ्या गेटवर दाखवून विचारा, त्याच दिवशी सहसा चालते. हिशोब करून एम्पायर पास, म्हणजे न्यूयॉर्कच्या स्टेट पार्कांचा पास, घेतला तर उन्हाळाभर इतर स्टेट पार्कही होतात.

तारखेबद्दल: गॉर्ज ट्रेल हिवाळ्यात बंदच असतो, बर्फ आणि सुटणारे दगड यांमुळे, साधारण मे मध्यापासून ऑक्टोबरअखेरपर्यंत धरा. आदल्या रात्री मोठा पाऊस झाला तर पाणी वाढून मधेही बंद करतात, तर निघताना पार्कच्या साइटवर बघा. तसं झालं तर अर्ध्या तासावर कॉर्निंगचं काचेचं म्युझियम आहे, तिथे तापलेल्या काचेपासून वस्तू घडवताना समोर बसून बघता येतं, मुलं आणि आजी दोघंही रमतात.

आज रात्री जेवणानंतर आईंना बेसमेंटमधून काहीतरी आणायला सांगा आणि उतरताना फक्त पायाकडे बघा. सरळ पडतो की आडवा, तेवढं मला कळवा, पुढचं आपण त्याप्रमाणे ठरवू.